पत्रं जाळू नयेत, कापूही नयेत

२१ मार्च १९७२ रोजी एलिझाबेथ बिशप या अमेरिकन कवयित्रीने आपला पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, कवी रॉबर्ट लोवेल याला एक पत्र लिहिलं. लोवेल तेव्हा इंग्लंडमध्ये राहायला गेला होता, आणि हार्वर्डमधल्या त्याच्या जागी बिशप शिकवायला आली होती. ‘द डॉल्फिन’ या नव्या कवितासंग्रहाचं हस्तलिखित त्याने तिच्याकडे वाचायला पाठवलं होतं. पत्नी एलिझाबेथ हार्डविक आणि मुलगी यांना न्यूयॉर्कला ठेवून तो १९७० मध्ये इंग्लंडला गेला, तिथे दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडला आणि संसार मोडला. त्या दिवसांत हार्डविकने त्याला जी पत्रं लिहिली, कधी रागाने, कधी दुःखाने, कधी नुसत्या घरगुती कामापोटी, त्यांतली वाक्यं उचलून त्याने चौदा ओळींच्या कवितांमध्ये घातली होती. तीही जशीच्या तशी नव्हेत. काही बदललेली, आणि खरं कुठे संपतं व रचलेलं कुठे सुरू होतं ते वाचणाऱ्याला कळू नये अशा रीतीने मिसळलेली.

बिशपने आधी कवितांची मनापासून तारीफ केली. मग तिने विचारलं की, आपलं आयुष्य माणूस साहित्यात वापरतोच, पण ही पत्रं वापरताना तू विश्वासाला तडा देत नाहीस का? तुला परवानगी मिळाली असती तर गोष्ट वेगळी. तू ती बदलली नसतीस तरी गोष्ट वेगळी. पण कलेचं मोल एवढं नसतं.

लेखकांच्या खासगी पत्रांचं काय करायचं, या प्रश्नावर इतकं नेमकं बोललेलं मला दुसरीकडे आढळलेलं नाही. आपल्याकडे हा वाद दोनच सुरांत होतो. एक पक्ष म्हणतो, खासगी ते खासगी, दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाचणं असभ्य. दुसरा म्हणतो, लेखकाची अक्षरन् अक्षर समाजाची ठेव आहे, छापून टाका. बिशप या दोन्ही पक्षांत बसत नाही. पत्रं छापूच नयेत असं ती म्हणत नाही. तिला पत्रं वाचायला विलक्षण आवडत. हार्वर्डमध्ये तिने पत्रलेखन हाच विषय घेऊन एक अभ्यासवर्ग चालवला, आणि त्यासाठी कीट्स, चेकॉव्ह यांच्या पत्रांच्या जोडीला आपल्या मावशीची आणि रस्त्यात सापडलेली पत्रंही घ्यायची असं तिच्या मनात होतं. तिचा आक्षेप दोन गोष्टींना होता. जिवंत माणसाला न विचारणं ही एक, आणि मजकुरात फेरफार करणं ही दुसरी. पत्रव्यवहाराचं जतन आणि प्रकाशन याच दोन अटींवर उभं करावं. पत्रं राखावीत, ज्याला इजा होईल तो हयात असेतो बंद ठेवावीत, आणि छापायची वेळ आली की दोन्ही बाजूंची, पुरी, न बदलता छापावीत. जाळणं, कायमची बंदी घालणं आणि निवडून कापून छापणं हे तिन्ही मार्ग नुकसान करतात. ते कसं, हे बिशप आणि लोवेल यांच्याच पत्रव्यवहारावरून फार चांगलं दिसतं.

या दोघांची ओळख १९४७ मध्ये न्यूयॉर्कला झाली. नोव्हेंबर १९५१ मध्ये बिशप एका मालवाहू जहाजातून दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर निघाली. ब्राझीलमध्ये तिचा मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. तिथे तिने काजूचं बोंड खाल्लं आणि तिचं तोंड नि हात भयंकर सुजले. (काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहूनच गोव्यात आणलं, त्यामुळे बोंडाचा चीक काय करतो हे कोकणात आणि गोव्यात सांगावं लागत नाही.) आजारपणात तिची शुश्रूषा केली ती लोता द मासेदो सोआरेस हिने. रिओमधली ही बुद्धिमान, धडाडीची स्त्री तेव्हा पेट्रोपोलिसजवळच्या डोंगरात समांबाया इथे घर बांधत होती. त्या घराच्या वरच्या अंगाला, ओहोळाशेजारी लोताने बिशपला लिहिण्यासाठी एक स्वतंत्र खोली बांधून दिली. दोघी एकत्र राहू लागल्या आणि सफर राहिली बाजूला. पंधराएक वर्षं बिशपचं घर ब्राझीलमध्येच होतं.

इंग्रजीत बोलायला भोवती मोजकीच माणसं आणि टपाल बेभरवशाचं, अशा परिस्थितीत पत्र हेच तिचं साहित्यिक जग होतं. लोवेलच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत, तीस वर्षं हा पत्रव्यवहार चालला. छापील संग्रहात दोघांची मिळून ४५९ पत्रं आहेत. एकमेकांच्या कवितांची बारीक चिरफाड त्यांत आहे, दारूचं व्यसन आहे, लोवेलच्या मनोविकाराचे झटके आहेत, पैशांची चणचण आहे, आणि घरात पाळलेल्या पक्ष्या-प्राण्यांच्या खबरीही आहेत. बिशपची आर्माडिलो या कवचधारी प्राण्यावरची कविता लोवेलला अर्पण केलेली आहे, आणि लोवेलने तिच्या घडणीवरून शिकून लिहिलेली स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यावरची कविता बिशपला. नुसत्या कविता वाचून हे देणंघेणं पुरतं उमगत नाही, पत्रं शेजारी ठेवली की उमगतं. ऑगस्ट १९५७ मधल्या पत्रात लोवेल तिला सांगतो की, १९४८ च्या उन्हाळ्यात आपण तिला लग्नाची मागणी घालण्याच्या अगदी बेतात होतो, आणि ते राहून गेलं याची आठवण अजून मनात आहे. असं पत्र वाचताना आपण दुसऱ्याच्या खोलीत उभे आहोत ही जाणीव होतेच. ती व्हायलाच हवी. वाचकाला संकोच वाटतो म्हणून पत्र छापू नये असं मात्र त्यातून निघत नाही.

आता ही पत्रं छापली कशी गेली ते पाहा. बिशप १९७९ मध्ये वारली. १९९४ मध्ये रॉबर्ट गिरू या तिच्या प्रकाशकाने तिच्या हजारो पत्रांतून पाचशेच्या वर पत्रं निवडून संग्रह काढला. त्यात फक्त तिची बाजू. २००५ मध्ये सास्किया हॅमिल्टन यांनी लोवेलची पत्रं संपादित केली. त्यात फक्त त्याची बाजू. दोघांची पत्रं उत्तर-प्रत्युत्तराच्या क्रमाने एका पुस्तकात आली ती २००८ मध्ये, थॉमस ट्रॅव्हिसानो आणि हॅमिल्टन यांच्या संपादनाखाली. तोवर बिशपच्या वाचकाला प्रश्न ऐकू येत, उत्तरं नाहीत. याचं कारण साधं आहे. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते घेणाऱ्याकडे जातं. बिशपचे कागद १९८१ मध्ये व्हॅसर कॉलेजने घेतले, आणि ती ज्या लोवेलला लिहीत होती त्याचे कागद हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात. एका मैत्रीचे दोन अर्धे दोन गावांत. ते जुळवायला माणूस लागतो, वर्षं लागतात, दोन वारसांच्या परवानग्या लागतात.

मराठीत हेच झालेलं आहे. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर निवडक पत्रांच्या खंडांत आली. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने निराळी, नंतर आली. दोन्ही पुस्तकं मराठी वाचकांनी डोक्यावर घेतली आणि ते योग्यच झालं. पण एका पत्राचं उत्तर शोधायला वाचक अजूनही दोन पुस्तकांची पानं मागेपुढे करत बसतो. तारखेनुसार एकत्र लावलेली, कुठलं पत्र उपलब्ध नाही ते सांगणारी आवृत्ती मराठीला हवी आहे.

निवड करणारा संपादक प्रामाणिक असला तरी निवडीत एक धोका असतोच. ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बिशपने त्या उठावाचं स्वागत केलं. लोताचे मित्र, विशेषतः कार्लोस लासेर्दा हा रिओ शहर ज्यात होतं त्या ग्वानाबारा राज्याचा राज्यपाल, उठावाच्या बाजूने होते, आणि बिशपने जग पाहिलं ते त्या वर्तुळातून. पुढची लष्करी राजवट किती काळ चालली आणि तिने काय केलं हे आज सर्वांना माहीत आहे, त्यामुळे ती पत्रं वाचताना त्रास होतो. तिच्यावर प्रेम करणाऱ्या कुठल्याही संपादकाचा हात इथे कात्रीकडे जाईल. पुरा संग्रह असला की बाई किती थोर लिहीत होती आणि त्याच आठवड्यात किती चुकत होती, दोन्ही समोर राहतं. परदेशात राहणारा लेखक ज्यांच्या घरात जेवतो त्यांच्याच डोळ्यांनी त्या देशाकडे बघू लागतो, हे समजण्यासाठी इतकी चांगली सामग्री दुसरी मिळणार नाही.

जाळण्याबद्दल. हेन्री जेम्स हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला अमेरिकन कादंबरीकार, प्रौढपणीची बहुतेक हयात युरोपात राहिला. १९०९ च्या सुमारास त्याने इंग्लंडमधल्या राय गावातल्या आपल्या लॅम्ब हाउस या घराच्या बागेत आलेल्या पत्रांची होळी केली. चरित्रकारांच्या हाती काही लागू नये हा हेतू. झालं काय? त्याने इतरांना लिहिलेली दहा हजारांहून अधिक पत्रं ज्याच्या त्याच्याकडे राहिली आणि ती आता खंडामागून खंड छापून येत आहेत. जळली ती दुसऱ्यांची पत्रं. कॉन्स्टन्स फेनिमोर वूल्सन ही त्याची मैत्रीण, तीही युरोपात राहणारी अमेरिकन लेखिका. १८९४ मध्ये व्हेनिसला तिचा मृत्यू झाला. तिने जेम्सला लिहिलेली फक्त चार पत्रं आज शिल्लक आहेत. परिणामी शंभर वर्षं तिच्याबद्दल लोक तर्क लढवत आहेत: तिचं त्याच्यावर प्रेम होतं का, त्याने तिला दुखावलं का. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत असतं तर हे सगळं बोलणं इतकं पोकळ राहिलं नसतं. जाळणारा आपलं खासगीपण राखतो असं समजतो, प्रत्यक्षात तो दुसऱ्याचा आवाज संपवतो. लोताला लिहिलेल्या बिशपच्या पत्रांचंही तेच झालं, बहुतेक नष्ट झाली. तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं नातं आपल्याला तिने तिसऱ्यांना लिहिलेल्या पत्रांतून ऐकावं लागतं.

कायमच्या बंदीने तर उलटच होतं. विला कॅथर ही अमेरिकन कादंबरीकार १९४७ मध्ये वारली. तिने मृत्युपत्रात आपल्या पत्रांचं प्रकाशन आणि त्यांतलं उद्धरण, दोन्ही मना केलं होतं. पत्रं मात्र अनेक ग्रंथालयांत होती आणि अभ्यासक तिथे जाऊन वाचत. उद्धृत करता येत नाही म्हणून ते आपल्या शब्दांत सारांश लिहीत. साठ-पासष्ट वर्षं कॅथर जगाला अशी दुसऱ्यांच्या सारांशांतून भेटली. कुणी एका पत्राचा एक अर्थ लावला, कुणी दुसरा, आणि मूळ वाक्य समोर नसल्याने वाद मिटायला मार्गच नव्हता. अखेर तिच्या भाच्याच्या निधनानंतर २०१३ मध्ये निवडक पत्रं आली, आणि पुढे नेब्रास्का विद्यापीठाने सगळी पत्रं ऑनलाइन आणली. कॅथरला विपर्यास नको होता. बंदीने तिच्या वाट्याला विपर्यासच आला.

आता हार्डविकच्या पत्रांकडे परत येऊ. लोवेलने बिशपचं ऐकून काही कवितांचा क्रम आणि मांडणी बदलली, पण पुस्तक १९७३ मध्ये काढलंच. १९७४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. एड्रियन रिच या कवयित्रीने जाहीरपणे त्याला फटकारलं. हार्डविक तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती, मुलगी सोळा वर्षांची. नवऱ्याने सोडलेली बाई म्हणून तिच्या तोंडी घातलेली वाक्यं सारं साहित्यविश्व वाचत होतं, आणि यातलं मी इतकंच लिहिलं होतं असं सांगायला तिच्या हातात स्वतःची पत्रंही नव्हती. ती लोवेलकडे होती. त्याच्या मृत्यूनंतर ती फ्रँक बिडार्ट या त्याच्या कवीमित्राकडे आली, आणि त्याने ती हार्डविक हयात असेतो न उघडण्याच्या अटीवर होटन ग्रंथालयात ठेवली. हार्डविक २००७ मध्ये वारली. २०१९ मध्ये ती पत्रं लोवेलच्या पत्रांसह पुरी छापून आली. आता कुणीही कविता एका हाताला आणि मूळ पत्र दुसऱ्या हाताला ठेवून बघू शकतो की लोवेलने काय घेतलं, काय वळवलं. आणि पत्रांतली हार्डविक कवितेतल्या बाईपेक्षा कितीतरी खंबीर, व्यवहारी आणि तिखट आहे. ती पत्रं कुणी सद्भावनेने चुलीत घातली असती, तर उरली असती ती फक्त लोवेलची आवृत्ती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बिशप हे परक्याच्या प्रकरणात पडून बोलत नव्हती. लोवेलने तिच्या बालपणावरच्या कथेची कविता केली होती, आणि १९७० साली ब्राझीलमधल्या ओरो प्रेतोहून तिने अत्यंत हताश मनःस्थितीत लिहिलेल्या पत्रातल्या ओळीही त्याच्या एका कवितेत आल्या होत्या. तिने मैत्री तोडली नाही, १९७२ च्या पत्रानंतरही तोडली नाही. म्हणून तिच्या बोलण्याला वजन आहे. आपल्या मजकुराला परक्याचा हात लागण्याचा ताप तिने आणखी एकदा सोसला होता. १९६२ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकन नियतकालिकाच्या ग्रंथमालेसाठी तिने ब्राझीलवर पुस्तक लिहिलं, संपादकांनी ते इतकं बदललं की तिला ते आपलं वाटेना.

कायद्याची बाजू पुष्कळांना उलटी वाटते, म्हणून थोडं थांबून सांगतो. पत्र ज्याला आलं, कागद त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या मागे त्याच्या वारसांचा. १७४१ मध्ये अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने आपली पत्रं छापणाऱ्या कर्ल या प्रकाशकाविरुद्ध दावा लावला, तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयाने हा भेद प्रथम स्पष्ट केला. अमेरिकेत १८४१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्टोरी यांनी तेच धरलं. १९८७ मध्ये सॅलिंजर या अमेरिकन कादंबरीकाराने आपल्या चरित्रकाराला अडवलं तेही याच आधारावर. पत्रं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेली होती, कुणीही जाऊन वाचू शकत होतं, तरी त्यांतली वाक्यं, आणि वाक्यांच्या फार जवळ जाणारा सारांशसुद्धा, छापता येणार नाही असं न्यायालय म्हणालं. त्यावर इतका गदारोळ झाला की १९९२ मध्ये अमेरिकेने कायद्यात एक वाक्य घातलं: लेखन अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने त्याचा रास्त वापर, म्हणजे परवानगीवाचून केलेला मर्यादित वापर, नाकारता येणार नाही.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो, पण अप्रकाशित पत्रांना तो तसाच लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित होणाऱ्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे एखाद्या लेखकाची १९३० मधली पत्रं कुणाच्या कपाटात पडून असतील, तर त्यांवरचा वारसांचा हक्क संपलेला नाही. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पत्रं लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात असतील आणि लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटली असतील, तर अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने त्यांची नक्कल करता येते. तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयात दिलेलं पत्र उद्याच्या अभ्यासकासाठी मोकळं होतं, आणि घरच्या पेटीतलं अडकून पडतं. दान देताना दोन गोष्टी वेगळ्या लिहून द्याव्या लागतात: कागद दिले, आणि मजकुराचा हक्क दिला किंवा राखला. दुसरी देण्याचा अधिकार पत्र घेणाऱ्याच्या घराला नसतो, हे अनेक देणगीपत्रांत विसरलं जातं आणि पुढे प्रकाशनाच्या वेळी सारं अडतं.

मराठी घरांत अशा पेट्या भरपूर आहेत, म्हणून हातकामाचंही सांगतो. पहिली चूक पाकीट फेकण्याची. निम्म्या लोकांना पत्रावर तारीख घालायची सवय नसते, किंवा ते नुसतं ‘सोमवार, रात्र’ लिहितात. पोस्टाचा शिक्का हीच मग एकमेव तारीख. आंतर्देशीय पत्राच्या कडेला पट्टीवर लिहिलेला मजकूर उघडताना फाटतो, ती पट्टी जपून त्याच पत्राबरोबर ठेवावी. टाचण्या, पिना, रबरबँड काढून टाकावेत. टाचणी गंजते आणि रबर वितळून कागदाला चिकटतं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत ती पिवळी पडून शाई खाते. लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते परत काढता येत नाही आणि आतला कागद ठिसूळ होत जातो. क्रमांक घालायचा तो मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. घड्या उलगडून पत्रं सपाट ठेवावीत, कारण कागद सर्वांत आधी घडीवरच तुटतो. हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत जुनी शाई पसरते, बुरशी एका पत्रावरून दुसऱ्यावर जाते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

स्कॅन रंगीत करावं, निदान ३०० डीपीआयचं, कोरी वाटणारी मागची बाजू आणि पाकीटही त्यात यावं. फाइलचं नाव तारखेने सुरू करावं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे क्रम आपोआप लागतो. अंदाजाने घातलेली तारीख चौकटी कंसात, आणि अंदाज कशावरून केला ते यादीत. उतरवून काढताना शुद्धलेखन सुधारू नये. जेम्सच्या पत्रांच्या नव्या आवृत्तीत खोडलेले शब्दसुद्धा खोडलेले म्हणून छापले आहेत, कारण माणूस काय लिहिता लिहिता थांबला हेही त्या पत्रात आहे. काही वगळलंच तर तिथे वगळल्याची खूण हवी आणि किती ओळी वगळल्या तेही हवं. नुसते तीन टिंब पुरेसे नाहीत, लेखकाने स्वतः घातलेली टिंबं आणि संपादकाची टिंबं वाचकाला वेगळी करता येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, पलीकडच्या घराला पत्र टाकावं. तुमच्याकडे त्यांच्या माणसाची पत्रं आहेत, त्यांच्याकडे तुमच्या. निदान छायाप्रतींची अदलाबदल आजच करून ठेवावी, कारण पुढच्या पिढीत दोन्ही घरं एकमेकांना ओळखत नसतात.

ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचं काम याहून तातडीचं आहे. इथे नुसतं दुर्लक्ष केलं तरी सारं नाहीसं होतं. जीमेलमधून गूगल टेकआउट वापरून सगळा पत्रव्यवहार एका फाइलमध्ये उतरवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एकेका माणसाशी झालेलं संभाषण मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढता येतं. तिथे निदान दोन्ही बाजू एकत्र मिळतात. वर्षातून एकदा हे करून प्रत दोन ठिकाणी ठेवावी.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. पत्रं कधीतरी छापली जाणार हे माहीत असेल तर माणूस मोकळेपणाने लिहीलच कसा? आक्षेप खरा आहे, पण बिशप-लोवेलच त्याचं उत्तर आहेत. दोघेही नामवंत होते, ग्रंथालयं लेखकांचे कागद विकत घेतात हे दोघांना ठाऊक होतं. तरी त्यांनी एकमेकांना लिहिलं ते उघड्या मनाने. धाक छापण्याचा नसतो, आपल्या डोळ्यांदेखत छापण्याचा असतो. त्या धाकाला मुदत हा उपाय आहे. दोघांपैकी मागे राहिलेल्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं, आणि पत्रात ज्यांच्याबद्दल जिव्हारी लागेल असं काही आहे ती माणसं, विशेषतः मुलं, हयात असतील तर त्यांच्या लेखी संमतीवाचून नाही, ही मुदत मला रास्त वाटते. पंचवीस वर्षांत वाचकाचं काही बिघडत नाही.

बिशपने स्वतः मृत्युपत्रात पत्रं जाळा असंही लिहिलं नाही आणि छापा असंही नाही. अप्रकाशित कागदांतलं काय छापायचं हे ठरवण्याचा अधिकार तिने नावं घेऊन दोन विश्वासू माणसांना दिला. मराठी लेखकाला हे आजच करता येईल. चार वाक्यं पुरतात: माझी पत्रं नष्ट करू नयेत. ती अमुक ग्रंथालयात, अमुक वर्षापर्यंत बंद ठेवावीत. त्यांच्या मजकुराच्या हक्काबद्दलचे निर्णय अमुक आणि अमुक या दोघांनी घ्यावेत. छापल्यास पुरी छापावीत, फेरफार करू नये. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. कागदावर तारीख घालून दोन साक्षीदारांसमोर स्वतःची सही करावी आणि आपल्यासमोर त्यांच्याही सह्या घ्याव्यात. साक्षीदार मात्र ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे अशांपैकी नसावेत.